दूरच्या शाखांचे नेटवर्क नागपुरातून कसे सांभाळावे: प्रोब बसवणाऱ्या नवख्यांसाठी मार्गदर्शन

नागपुरात धंतोलीतल्या मुख्य कार्यालयात देखरेखीच्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे असतात आणि नेमका त्याच वेळी काटोलच्या खरेदी केंद्रावरून फोन येतो, की अर्ध्या तासापासून पावती निघत नाही आणि दारात मालाच्या गाड्या खोळंबल्या आहेत. नेटवर्क सांभाळण्याचे काम नव्याने हाती घेतलेल्या माणसाला हा प्रसंग पहिल्या महिन्यातच भेटतो. अशा वेळी फोन करणाराही खरे बोलत असतो आणि पडदाही खोटे सांगत नसतो. धंतोलीतला सर्व्हर काटोलच्या राउटरला हाक मारतो (याला पिंग म्हणतात), राउटर ओ देतो, म्हणून दिवा हिरवा राहतो. परंतु पावती काढणाऱ्या संगणकापासून राउटरपर्यंतची तार, तिथून पावतीच्या संकेतस्थळापर्यंतची वाट आणि त्या संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा यांपैकी काहीच धंतोलीहून दिसत नाही. ते पाहण्यासाठी काटोललाच, पावती काढणारा माणूस ज्या स्विचवर (शाखेतल्या तारा एकत्र जोडणाऱ्या खोक्यावर) आहे त्याच स्विचवर, एक लहानसे यंत्र बसवावे लागते. हे यंत्र तिथून मोजमाप करते आणि मोजलेले आकडे मुख्य कार्यालयातल्या केंद्राकडे, म्हणजे देखरेखीच्या सर्व्हरकडे, पाठवते. त्याला प्रोब म्हणतात.

या लेखात उदाहरणासाठी पाच ठिकाणे धरली आहेत: धंतोलीतले मुख्य कार्यालय, कळमना बाजारातला गाळा, बुटीबोरीचा कारखाना, आणि काटोल व उमरेड येथील खरेदी केंद्रे. आपली ठिकाणे वेगळी असली तरी पायऱ्या त्याच राहतील.

पायरी १: आधी कागद, मग यंत्र

कोणतेही सॉफ्टवेअर उतरवून घेण्याआधी एक तक्ता तयार करावा. त्यात प्रत्येक ठिकाणचे प्रत्येक उपकरण, त्याचा पत्ता, ते प्रत्यक्ष कोणत्या खोलीत आहे, ते कोणत्या उपकरणाच्या पुढे जोडलेले आहे, इंटरनेट कोणाकडून घेतले आहे, त्या जोडणीचा ग्राहक क्रमांक कोणता आणि तक्रार कोणत्या क्रमांकावर नोंदवायची, एवढे लिहिलेले असावे. "कोणाच्या पुढे जोडलेले आहे" हा रकाना नवखी माणसे हटकून रिकामा सोडतात, आणि पुढे इशाऱ्यांची पायरी येते तेव्हा त्याचीच सर्वाधिक गरज भासते. म्हणून तो आळस न करता, प्रत्यक्ष तार हाताने माग काढत जाऊन भरावा.

हा तक्ता करताना एक गोष्ट लक्षात येईल. चार शाखांत चार वेगवेगळ्या लोकांनी राउटर बसवलेले असतात आणि बहुतेकांनी कारखान्यातून आलेला १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्तासमूह तसाच ठेवलेला असतो. एकाच केंद्रातून सगळीकडे थेट हाक मारायची म्हटली, तर १९२.१६८.१.१० म्हणजे कळमन्याचा प्रिंटर की उमरेडचा कॅमेरा, हे ठरवता येत नाही. प्रोब आपापल्या जागेतूनच मोजत असल्यामुळे केंद्राला "उमरेडच्या प्रोबने पाहिलेला १९२.१६८.१.१०" अशी वेगळी ओळख मिळते, आणि सगळ्या शाखांचे पत्ते बदलण्याचे मोठे काम निदान त्या दिवसापुरते टळते.

तक्त्याबरोबरच जागेच्या आणि नेटवर्कच्या मालकाची लेखी परवानगी घ्यावी. मालकाच्या परवानगीशिवाय संगणक वा नेटवर्कमध्ये शिरणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. कळमन्यात शेजारच्या गाळ्याशी सामायिक स्विच असेल, तर आपला प्रोब त्यांचीही उपकरणे चाचपून पाहू शकतो, आणि तसे होऊ देणे हे आपल्याच अंगलट येईल.

पायरी २: सॉफ्टवेअर निवडणे

या कामासाठी अनेक चांगली साधने आहेत. पीआरटीजीमध्ये "रिमोट प्रोब" हाच शब्द वापरला जातो. ते विंडोजवर चालते आणि किती गोष्टी मोजायच्या यावर त्याचा परवाना ठरतो. लिब्रेएनएमएस व चेकएमके यांतही वेगवेगळ्या जागी मोजणारी यंत्रे बसवण्याची सोय आहे. नवख्या माणसाला मी झॅबिक्स सुचवतो, कारण ते मुक्त स्रोताचे आहे, २००१ पासून लोकांच्या वापरात आहे आणि त्यातला प्रोब, ज्याला ते "प्रॉक्सी" म्हणतात, अगदी हलक्या यंत्रावर चालतो. दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती निवडावी (७.० ही त्यांपैकी एक, जून २०२४ मध्ये आलेली) आणि केंद्र व सर्व प्रोब यांवर तीच एक आवृत्ती ठेवावी. आवृत्त्यांचा मेळ नसेल तर जे दोष उद्भवतात, ते नेटवर्कच्या दोषांसारखेच दिसतात आणि माणसाला भलत्याच दिशेने पळवतात.

केंद्राला किती जागा लागेल, याचा हिशेब सोपा आहे. एका शाखेत २० उपकरणे, प्रत्येकाचे १० आकडे, दर मिनिटाला एकदा, असे धरले तर दिवसाला २,८८,००० नोंदी होतात. आकड्याची एक नोंद साधारण ९० बाइट जागा घेते, म्हणजे शाखेमागे दिवसाला सुमारे २६ मेगाबाइट, आणि पाच ठिकाणांचे महिनाभराचे सुमारे ४ गिगाबाइट. एवढ्यासाठी मोठा सर्व्हर विकत घेण्याची मुळीच गरज नाही.

पायरी ३: प्रोबचे यंत्र आणि नागपूरचा उन्हाळा

प्रोबसाठी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक किंवा जुन्या बाजारातला लहान मिनी पीसी पुरेसा होतो. माझा कल मिनी पीसीकडे आहे, आणि त्याची तीन कारणे सांगण्यासारखी आहेत. पहिले कारण साठवणुकीचे. प्रोब दर मिनिटाला काही ना काही लिहीत असतो आणि मेमरी कार्ड अशा सततच्या लिखाणाने झिजते. पायच घ्यायचा असेल तर त्याला एसएसडी जोडावी. दुसरे कारण घड्याळाचे. रास्पबेरी पाय ४ मध्ये वीज गेल्यावर वेळ राखणारे घड्याळच नसते, आणि पाय ५ मध्ये ते असले तरी त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

तिसरे कारण उष्णतेचे. मे महिन्यात नागपुरात बाहेरचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते, आणि बुटीबोरीच्या पत्र्याच्या छपराखाली बंद रॅकमध्ये ते त्याहून बरेच वाढते. पायचा प्रोसेसर ८० अंशांजवळ पोहोचला की स्वतःचा वेग कमी करू लागतो. वेग कमी झालेला प्रोब उशिरा मोजतो, आणि त्याच्या आकड्यांत नेटवर्क संथ झाल्याचे दिसते, जेव्हा प्रत्यक्षात संथ झालेला तो स्वतः असतो. यासाठी प्रोबचे स्वतःचे तापमान हा पहिल्या दिवसापासून मोजायचा आकडा आहे.

आपल्याकडे खोली थंड करायची म्हटली की कूलर लावला जातो. माणसांसाठी ते उत्तम आहे, पण रॅकच्या तोंडावर कूलरची हवा सोडू नये. ती हवा दमट असते, आणि खाऱ्या पाण्याचे बारीक तुषारही तिच्याबरोबर येतात. दोन उन्हाळ्यांत जोडण्यांवर पांढरा थर आणि गंज चढलेला मी पाहिला आहे. जिनिंगच्या आवारात कापसाचे तंतू पंख्यात अडकतात, तेव्हा तिथे पंखा नसलेले, धातूच्या खोक्याचे यंत्र घ्यावे.

प्रोबला वीज त्याच यूपीएसवरून द्यावी, ज्यावर राउटर आणि स्विच आहेत. तो वेगळ्या प्लगवर असेल तर वीज गेल्यावर तो आधी बंद पडतो, आणि जोडणी चालू असूनही केंद्राला शाखा अंधारात गेल्यासारखी दिसते. यूपीएसला यूएसबी जोडणी असेल तर ती प्रोबला द्यावी, म्हणजे "वीज गेली, बॅटरीवर आहोत" हा निरोप यंत्र बंद पडण्याआधी केंद्रापर्यंत पोहोचतो. केंद्रात बसलेल्या माणसासाठी त्या एका निरोपाची किंमत फार मोठी आहे, कारण त्यानंतरच्या शांततेचे कारण त्याला ठाऊक असते. जोडणी तारेनेच करावी. वायफायवर बसवलेला प्रोब वायफायचेच दोष मोजत बसतो.

पायरी ४: प्रोबने केंद्राला हाक मारावी, केंद्राने प्रोबला नव्हे

लहान गावांतल्या बहुतेक ब्रॉडबँड जोडण्यांना आता स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. सेवा देणारी कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवते. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला, तर आपण अशाच व्यवस्थेत आहोत, असे समजावे. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. या व्यवस्थेत बाहेरून शाखेत शिरताच येत नाही, पण शाखेतून बाहेर मात्र सहज जाता येते. म्हणून झॅबिक्स प्रॉक्सी नेहमी "सक्रिय" प्रकारात लावावी, म्हणजे ती स्वतः केंद्राच्या टीसीपी १००५१ या पोर्टवर (सर्व्हरच्या क्रमांकित दारावर) जोडणी करते. सार्वजनिक व स्थिर पत्ता फक्त एका जागी, केंद्राला, लागतो. शाखेच्या राउटरवर एकही दार उघडावे लागत नाही, आणि ते उघडूही नये.

ही जोडणी उघडी सोडू नये. दोन मार्ग आहेत. एक, झॅबिक्सच्या आतच पूर्वनिश्चित किल्ली देऊन कूटबद्ध जोडणी करणे. दुसरा, वायरगार्ड या व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या कूटबद्ध बोगद्यातून, सगळी वाहतूक नेणे. दुसरा मार्ग मला अधिक उपयोगी वाटतो, कारण पुढे शाखेतली यंत्रे दुरून हाताळायची असतात तेव्हा तोच बोगदा कामी येतो. वायरगार्ड मार्च २०२० पासून लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यातच आले आहे. त्यात "जागे ठेवण्याचा" कालावधी २५ सेकंद ठेवावा. तो ठेवला नाही, तर सामायिक पत्त्यामागचा बोगदा काही वेळ वाहतूक नसली की केंद्राच्या बाजूने मिटतो. प्रत्येक प्रोबला वेगळी किल्ली द्यावी. एका शाखेतले यंत्र चोरीला गेले, तर त्या एकाच किल्लीचा अधिकार काढून घेता येतो आणि इतर शाखांना धक्का लागत नाही.

बुटीबोरीसारख्या ठिकाणी, जिथे काम थांबले तर नुकसान तासाच्या हिशेबाने होते, प्रोबला सिमकार्डचा ४जी डोंगल जोडून दुसरी वाट द्यावी. मुख्य जोडणी तुटल्यावर ती तुटल्याचे सांगण्यासाठी वेगळी वाट असणे, याला पर्याय नाही.

पायरी ५: घड्याळ

पाच प्रोबची पाच घड्याळे वेगवेगळी चालत असतील, तर कोणती घटना आधी घडली हे कधीच कळणार नाही. प्रत्येक प्रोब एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) वेळ जुळवून घेत असल्याची खात्री करावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी मेळ असलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत, नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना ६ तासांच्या आत कळवायच्या आहेत. आपली संस्था लहान असली तरी ही सवय सुरुवातीपासूनच लावून घ्यावी.

पायरी ६: काय मोजायचे

येथे घाई करू नये. झॅबिक्समध्ये काय मोजायचे याचे तयार साचे शेकड्यांनी मिळतात, आणि नवखा माणूस ते सगळे लावून हजारो आकडे गोळा करतो, ज्यांतला एकही तो पाहत नाही. सुरुवात एका शिडीपासून करावी. प्रत्येक प्रोबने दर मिनिटाला चार गोष्टी तपासाव्यात: आपल्या शाखेचा राउटर ओ देतो का, इंटरनेट कंपनीचे पहिले उपकरण ओ देते का, इंटरनेटवरचा दूरचा एखादा भरवशाचा पत्ता ओ देतो का, आणि शेवटी, ज्या संकेतस्थळावर पावती निघते त्याचे नाव डीएनएसमधून सापडते का व त्याचे पान किती वेळात उघडते. शिडीची कोणती पायरी मोडली, हे पाहिले की फोन कोणाला करायचा ते ठरते. पहिली मोडली तर शाखेतल्या माणसाला, दुसरी मोडली तर इंटरनेट कंपनीला, तिसरीही बहुधा त्यांनाच, आणि फक्त चौथी मोडली असेल तर पावतीचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना. दिवा हिरवा असूनही पावती न निघण्याचा सुरुवातीचा प्रसंग जवळजवळ नेहमीच या चौथ्या पायरीवरचा असतो, आणि धंतोलीहून पिंग करून तो कधीच दिसला नसता.

पिंगचे आकडे वाचताना थोडा भूगोल हाताशी ठेवावा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटर जाऊन परत येण्यास १ मिलिसेकंद लागतो. नागपूर ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर आहे, तेव्हा ७ मिलिसेकंदांहून कमी वेळ शक्यच नाही, आणि तंतू सरळ रेषेत टाकलेले नसल्यामुळे २० च्या आसपास आकडा दिसला तर त्यात वावगे काही नाही. याउलट काटोल धंतोलीपासून साठेक किलोमीटरवर आहे, जिथे एक मिलिसेकंदही लागू नये. तरी ४० मिलिसेकंद दिसत असतील, तर घाबरून तार बदलायला जाऊ नये. दोन्ही जागी वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी असेल तर त्यांची वाहतूक बहुधा मुंबईसारख्या शहरात एकमेकांना भेटून परत येत असते. तो दोष नसून मार्ग आहे. दोष तेव्हा समजावा, जेव्हा रोज ४० असलेला आकडा एखाद्या दिवशी ११० होतो.

आणखी एक फसगत टाळावी. वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला पिंग करणारे साधन लावले, की मधल्या एखाद्या राउटरवर ३० टक्के पॅकेट (माहितीचे लहान तुकडे) हरवल्याचे दिसते आणि माणूस उत्साहाने तक्रार लिहायला बसतो. मोठे राउटर स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देणे हे दुय्यम काम मानतात, पुढे पाठवायची वाहतूक मात्र नीट पाठवतात. मधल्या टप्प्यावर हरवलेले पॅकेट शेवटच्या टप्प्यापर्यंत हरवलेले दिसत नसतील, तर प्रत्यक्षात काहीही हरवलेले नाही.

शिडी आठवडाभर नीट चालली, की मग स्विच आणि राउटर यांच्या आतले आकडे एसएनएमपीने (उपकरणांना त्यांची स्थिती विचारण्याच्या पद्धतीने) घ्यावेत. त्यासाठी यूडीपी १६१ हे पोर्ट लागते. एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत परवलीचा शब्द उघड्या अक्षरांत जातो आणि बहुतेक उपकरणांत तो कारखान्यातून "पब्लिक" असाच येतो. उपकरण तिसरी आवृत्ती चालवत असेल तर तीच लावावी. नसेल तर परवलीचा शब्द बदलावा, लिहिण्याची परवानगी पूर्ण बंद ठेवावी आणि फक्त प्रोबच्या पत्त्यालाच उत्तर देण्याचे बंधन उपकरणावर घालावे.

वाहतूक मोजताना ६४ बिटांचा गणक (काउंटर) निवडणे अत्यावश्यक आहे. जुना ३२ बिटांचा गणक सुमारे ४२९ कोटी बाइटपर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतो. १०० मेगाबिटच्या भरलेल्या जोडणीवर हे ५ मिनिटे ४३ सेकंदांत होते, आणि गिगाबिटच्या जोडणीवर अवघ्या ३४ सेकंदांत. दर पाच मिनिटांनी वाचणारा माणूस तोवर कित्येक फेऱ्या हुकलेला असतो, आणि आलेख नेमका गर्दीच्या वेळी वाहतूक कमी झाल्याचे दाखवतो. वाहतुकीसोबत स्विचच्या प्रत्येक पोर्टवरच्या (तार जोडण्याच्या खाचेवरच्या) चुकांचा गणकही घ्यावा. वाहतूक ठीक आणि चुका हळूहळू वाढत आहेत, असे चित्र दिसले तर तारेचे टोक सैल झाले आहे किंवा उंदराने तार कुरतडली आहे, आणि जोडणी पूर्ण तुटण्याआधी आठवडाभर ते आपल्याला कळते.

एका प्रोबच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नये, हे नागपूरकरांना वेगळे पटवावे लागणार नाही. ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले आणि ती बातमी देशभर गेली; त्याच दिवशी इतर काही केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता, आणि तपासणीनंतर त्या केंद्राचा संवेदक बिघडला असल्याचे स्पष्ट झाले. बिघाड ओळखता आला, कारण तुलनेला शेजारची केंद्रे होती. आपल्या पाच प्रोबनाही म्हणूनच एकमेकांच्या जोडीला एक समान लक्ष्य मोजायला लावावे. पावतीचे पान काटोल, उमरेड आणि कळमना या तिन्ही ठिकाणांहून एकाच मिनिटाला संथ झाले, तर दोष त्या पानाच्या सर्व्हरकडे आहे. एकट्या उमरेडहून संथ झाले, तर उमरेडची जोडणी किंवा उमरेडचा प्रोबच आधी तपासावा.

पायरी ७: इशारे, आणि शांततेचा अर्थ

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा, असे माझे मत आहे. झॅबिक्सचा प्रोब आकडे गोळा करतो, पण बिघाड झाला की नाही हे ठरवण्याचे आणि इशारा पाठवण्याचे काम केंद्रच करते. याचा अर्थ असा, की काटोलची जोडणी तुटली की तिथला प्रोब कितीही चोख मोजत असला तरी इशारा देऊ शकत नाही. केंद्राच्या बाजूने फक्त शांतता दिसते. नवखा माणूस त्या शांततेला "काही तक्रार नाही" असे समजतो. म्हणून प्रत्येक प्रोबसाठी सर्वांत पहिला इशारा हा लावावा, की त्याने तीन मिनिटे केंद्राशी संपर्क केला नाही तर कळवा. हाच इशारा केंद्रासाठीही हवा, आणि तो केंद्राबाहेरून हवा. धंतोलीचीच वीज आणि इंटरनेट गेले, तर ते सांगणारे कोणी उरत नाही. भाड्याच्या एखाद्या स्वस्त सर्व्हरवरून दर मिनिटाला केंद्राची चौकशी करून मोबाइलवर निरोप पाठवण्याची सोय करावी.

जोडणी तुटलेली असताना प्रोब आकडे स्वतःजवळ साठवतो आणि जोडणी परत आली की मागचे सगळे पाठवून देतो, त्यामुळे आलेखातली पोकळी नंतर भरून निघते. मात्र मूळ मांडणीत (सेटिंगमध्ये) हा साठा फक्त १ तासाचा असतो. पावसाळ्यात रस्त्याच्या खोदकामात तंतू तुटला तर एका तासात तो कोणी जोडून देत नाही, हे वेगळे सांगायला नको. प्रॉक्सीच्या मांडणीत "प्रॉक्सी ऑफलाइन बफर" नावाची नोंद आहे, ती ७२ तास करावी. ७२० तासांपर्यंत ती वाढवता येते. हा साठा फक्त स्मृतीत न ठेवता डिस्कवर राहील असे पाहावे, अन्यथा वीज गेली की साठा संपला.

आता पहिल्या पायरीतला तो "कोणाच्या पुढे जोडलेले" रकाना बाहेर काढावा. राउटर बंद पडला की त्यामागचे स्विच, कॅमेरे, प्रिंटर सगळेच ओ देणे थांबवतात, आणि परस्परावलंबन लावलेले नसेल तर रात्री दोन वाजता मोबाइलवर चाळीस निरोप येतात. त्यात खरा एकच असतो. झॅबिक्समध्ये प्रत्येक इशाऱ्याला "अमुक इशारा चालू असेल तर मी गप्प" असे सांगता येते. ते तक्ता पुढे ठेवून एकेक करून भरावे. त्याशिवाय, एका चुकलेल्या पिंगवर इशारा देऊ नये. सलग तीन वेळा उत्तर आले नाही तर बिघाड, आणि सलग पाच वेळा नीट आले तर दुरुस्ती, असा चढता-उतरता फरक ठेवला की हेलकावे खाणारी जोडणी माणसाला रात्रभर जागवत नाही. जो इशारा आल्यावर कोणीही काहीही करत नाही, तो काढून टाकावा. मी एका जागी महिनाभर आलेल्या निरोपांची गणती केली होती. ज्यांवर कोणी उठून काम केले असे निरोप मूठभर होते, आणि खरा बिघाड त्या बाकीच्या ढिगातच दबून राहिला होता.

पायरी ८: दुरून हात घालताना

देखरेख नीट बसल्यानंतरच दुरून बदल करायला सुरुवात करावी. शाखेच्या राउटरवर किंवा स्विचवर जाण्यासाठी आधी वायरगार्डच्या बोगद्यातून प्रोबवर यावे, आणि प्रोबवरून पुढे उपकरणावर जावे. प्रोबवर एसएसएचने (दुरून आज्ञा देण्याच्या कूटबद्ध जोडणीने) येण्यासाठी पासवर्ड बंद ठेवून फक्त किल्ली चालू ठेवावी. झॅबिक्सचे पडद्यावरचे पान इंटरनेटवर उघडे ठेवू नये, आणि स्थापनेच्या वेळचे सर्वज्ञात नाव व पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावे. हे यंत्र प्रत्येक शाखेच्या आत बसलेले आहे आणि त्याच्याजवळ सगळ्या उपकरणांच्या किल्ल्या आहेत, याचे भान सतत असावे. सुरक्षा सुधारणा आपोआप बसतील अशी मांडणी करावी.

दुरून राउटरची मांडणी बदलताना एक चुकीची ओळ आपल्यालाच बाहेर कुलूपबंद करते, आणि मग उमरेडला गाडी काढून जावे लागते. यावर प्रत्येक कंपनीने तोड दिली आहे. सिस्कोच्या उपकरणात बदल करण्याआधी "दहा मिनिटांनी पुन्हा सुरू हो" अशी आज्ञा देऊन ठेवावी आणि सगळे नीट झाले की ती रद्द करावी. बदल साठवलेला नसल्यामुळे आपण अडकलो तरी दहा मिनिटांत जुनी मांडणी परत येते. ज्युनिपरमध्ये पुष्टी न मिळाल्यास दहा मिनिटांनी बदल मागे घेणारी आज्ञा आहे, आणि मायक्रोटिकमध्ये "सेफ मोड" आहे, ज्यात जोडणी तुटताच बदल उलटतात. ज्या पोर्टवर प्रोब आणि राउटर आहेत ती पोर्ट तक्त्यात लाल रंगाने लिहावीत आणि त्यांना दुरून कधीही बंद-चालू करू नये. गोठलेला कॅमेरा किंवा वायफायचे खोके मात्र पीओई स्विचच्या (नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणाऱ्या स्विचच्या) पोर्टची वीज दुरून तोडून-जोडून पुन्हा उठवता येते, आणि त्यात उमरेडची एक फेरी वाचते.

प्रत्येक उपकरणाच्या मांडणीची प्रत रोज रात्री आपोआप केंद्रात यावी. ऑक्सिडाइज्ड हे मुक्त साधन हे काम करते आणि काल-आजमधला फरकही दाखवते. "काल चालत होते, आज चालत नाही" या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा त्या फरकात असते.

पायरी ९: तार काढून पाहणे

मांडणी पूर्ण झाली असे वाटले, की एका कामाच्या दिवशी, शाखेतल्या माणसांना आधी सांगून, प्रत्यक्ष काटोलला जावे आणि तीन गोष्टी एकेक करून कराव्यात. पहिल्यांदा राउटरमागची इंटरनेटची तार काढावी आणि पंधरा मिनिटे थांबावे; धंतोलीत "काटोलच्या प्रोबशी संपर्क नाही" हा एकच निरोप यायला हवा, आणि तार जोडल्यावर त्या पंधरा मिनिटांचे आतले आकडे आलेखात भरून यायला हवेत. मग यूपीएसचा प्लग भिंतीतून काढावा. संपर्क तुटण्याआधी "बॅटरीवर आहोत" हा निरोप यायला हवा. शेवटी प्लग पुन्हा लावून, सगळे सुरळीत झाल्यावर, फक्त प्रोबची तार स्विचमधून काढावी. शाखेचे काम चालू, पावत्या निघत आहेत, पण केंद्राला मात्र पहिल्या प्रयोगासारखीच शांतता दिसते. पहिला आणि तिसरा प्रयोग धंतोलीत बसलेल्या सहकाऱ्याला वेगळे ओळखता आले पाहिजेत. राउटरच्या बाहेरच्या पत्त्याला केंद्रातून एक स्वतंत्र पिंग लावून ठेवले, तर ते ओळखता येते. सामायिक पत्त्यामुळे ते जमत नसेल, तर राउटरवरच वायरगार्डचा दुसरा बोगदा उघडून त्याच्या आतून पिंग करावे. तो फरक पडद्यावर दिसेपर्यंत काटोलहून निघू नये.